औषधं त्याची, लस माझी

आमच्या घरात सकाळचे आठ आणि रात्रीचे आठ या दोन वेळा चुकत नाहीत. नवऱ्याच्या मोबाइलचा गजर वाजतो, तो टॅक्रोलिमसच्या कॅप्सूल काढतो, मायकोफेनोलेट काढतो, आणि सकाळच्या खेपेला प्रेडनिसोलोनची एक गोळी. २०१७ साली सासूबाईंनी त्याला आपली एक किडनी दिली. शरीराने ती परकी म्हणून झिडकारू नये, यासाठी प्रतिकारशक्तीला जन्मभर दाबून ठेवायचं काम या गोळ्या करतात. किडनी टिकते, पण साधा फ्लूसुद्धा महागात पडतो.

आम्ही इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला राहतो. घरात चौघं: आम्ही दोघं, बारा वर्षांचा मुलगा आणि एमएस्सीसाठी नाशिकहून आलेली २३ वर्षांची पुतणी. तिचं विद्यापीठ दुसऱ्या गावात, पण कोविडमुळे सगळे तास ऑनलाइन झाल्यामुळे ती खोली सोडून आमच्याकडेच राहायला आली होती. मी तेव्हा ३९ वर्षांची. मला कसलाही आजार नाही, आणि कोविडची लस मिळवण्याच्या या सगळ्या प्रकरणात माझी अडचण नेमकी तीच होती.

हे लिहायला निमित्त झालं एका मैत्रिणीचं. तिच्या वडिलांची केमोथेरपी सुरू झाली आणि तिने विचारलं, "तू लस लवकर कशी मिळवलीस गं?" तिला फोनवर सांगता सांगता तास गेला. म्हणून आता ऑक्टोबर २०२१ मध्ये बसून सगळं तारीखवार लिहिते आहे. नियम दर महिन्याला बदलत आले आहेत, तेव्हा तारखा बघूनच वाचा.

नवऱ्याला पहिला डोस मिळाला ९ फेब्रुवारी २०२१ ला, फायझरचा. इथे लस वयाच्या आणि जोखमीच्या क्रमाने, गटागटाने दिली जात होती. अवयवरोपण झालेले लोक अतिजोखमीच्या यादीत, म्हणजे चौथ्या गटात होते. सरकारने पहिल्या चार गटांना १५ फेब्रुवारीपर्यंत लस देऊ केली होती. त्याला मेसेज आला, लिंकवर वेळ घेतली, पंधरा मिनिटांत काम झालं. घरी आल्यावर मी शिरा केला. सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला, त्यांनी पडद्यावरूनच त्याची दृष्ट काढली. आम्हाला वाटलं, सुटलो.

सुटलो नव्हतो, हे महिन्याभरात कळलं. मार्चच्या मध्यात अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अवयवरोपण झालेल्या ४३६ लोकांना फायझर किंवा मॉडर्नाचा पहिला डोस दिल्यावर त्यातल्या फक्त ७६ जणांच्या रक्तात अँटिबॉडी सापडल्या होत्या. म्हणजे १७ टक्के. मायकोफेनोलेटसारखं औषध घेणाऱ्यांत आणखीच कमी. नवऱ्याने तो आकडा वाचला, लॅपटॉप मिटला आणि भांडी घासायला गेला. तो अस्वस्थ झाला की भांडी घासतो.

त्याच आठवड्यात त्याच्या किडनी क्लिनिकची फोनवरची तपासणी होती. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, दुसरा डोस घे, पण वागताना लस घेतलीच नाही असं समजून वाग. आणि घरातल्या मोठ्या माणसांना लस मिळत असेल तेव्हा एक दिवसही दवडू नका.

मिळत असेल तेव्हा! पण मी ३९ची, धडधाकट. रांग वयाप्रमाणे उतरत होती आणि तेव्हा पन्नाशीच्या आसपास होती. फेब्रुवारीत मी एक खटपट करून पाहिली होती. घरी कुणाची विनावेतन काळजी घेणारे लोक सहाव्या गटात येत होते. मी जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, विचारलं. उत्तर आलं की तुमचे यजमान नोकरी करतात, स्वतःचं स्वतः करतात, मग तुम्ही 'केअरर' कशा? बरोबरच होतं त्यांचं. मी त्याला अंघोळ घालत नव्हते की भरवत नव्हते. मी फक्त त्याच्याच घरात श्वास घेत होते.

८ मार्चला शाळा उघडल्या. पोरगा आनंदाने उड्या मारत गेला आणि आमच्या पोटात गोळा आला. माध्यमिकच्या मुलांनी आठवड्यातून दोनदा घरी नाकात काडी घालून टेस्ट करायची होती. त्या दिवसापासून नवऱ्याचं जेवण वेगळं झालं. हॉलमध्ये खिडकीपाशी आम्ही कॅम्पिंगचं घडीचं टेबल मांडलं. तो तिथे, आम्ही तिघं स्वयंपाकघरात, मधलं दार उघडं. तिथून तो ओरडून विचारायचा, "आमटी उरली आहे का?" आणि मी मास्क लावून वाटी नेऊन द्यायची. स्वतःच्या घरात वाढपी झाले होते. झोपायलाही मी पोराच्या खोलीत. हे जितकं विनोदी वाटतं तितकं रोज जगायला विनोदी नसतं.

२९ मार्च, सोमवार. संध्याकाळी पुतणी मोबाइल घेऊन धावत खाली आली. "काकू, हे वाच!" लसीकरणाबाबत सरकारला सल्ला देणाऱ्या जेसीव्हीआय या समितीने शिफारस केली होती, की ज्यांची प्रतिकारशक्ती खालावलेली आहे अशा प्रौढांबरोबर एका घरात राहणाऱ्या १६ वर्षांवरच्या सगळ्यांना सहाव्या गटाबरोबर लस द्यावी. कारण अगदी आमच्या डॉक्टरांनी सांगितलेलंच: ज्याला लसीचा पुरेसा उपयोग होत नाही, त्याच्याभोवतीची माणसं लस घेऊन त्याचं थोडं रक्षण करू शकतात. स्कॉटलंडमध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांना पहिला डोस दिल्यानंतर त्यांच्या घरच्यांना कोविड होण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटलेलं दिसलं होतं. याला काही चिलखत म्हणता येणार नाही. पण शून्यापेक्षा तीस बरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या ठोक्याला मी जीपीच्या सर्जरीला फोन लावला. (इथे दवाखान्याला सर्जरी म्हणतात. सासूबाईंना फोनवर "सर्जरीत जाऊन आले" म्हटलं की त्यांच्या काळजाचा ठोका चुकतो, म्हणून मी त्यांच्याशी बोलताना 'दवाखाना' असंच म्हणते.) रांगेत माझा एकविसावा नंबर. चाळीस मिनिटं तीच ती पियानोची धून. मग रिसेप्शनवरच्या बाई.

"वय?"

"एकोणचाळीस, पण माझे यजमान..."

"सध्या पन्नासच्या वरचे चालू आहेत. तुमचा नंबर आला की मेसेज येईल."

मी कालची बातमी सांगितली. त्या म्हणाल्या, "आम्हाला अजून काही आलेलं नाही." मी नवऱ्याच्या रोपणाबद्दल सांगायला लागले तर त्यांनी अडवलं, "दुसऱ्या पेशंटबद्दल मी तुमच्याशी बोलू शकत नाही." फोन बंद.

मला प्रचंड राग आला. आज मागे वळून बघते तेव्हा कळतं, की त्या बाईंच्या शेवटच्या वाक्यातच सगळी किल्ली होती. मला ती दिसायला आठवडा लागला.

राष्ट्रीय बुकिंगच्या संकेतस्थळावर गेले. जन्मतारीख टाकली की ते नम्रपणे सांगायचं, तुम्ही अजून पात्र नाही. 'माझ्या घरात अमुक आजाराचा माणूस आहे' असं सांगायला तिथे रकानाच नव्हता. लसीच्या चौकशीच्या ११९ या नंबरावर फोन केला. तिथल्या मुलाने शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, हे जीपीकडूनच होईल. म्हणजे पुन्हा वर्तुळ. तुम्हीही यातून जाणार असाल तर हे दोन दिवस वाचवा. वयावर चालणाऱ्या यंत्रणेशी भांडण्यात अर्थ नाही, तिला तुमच्या घरातलं काही माहीत नसतं.

१ एप्रिलला इंग्लंडमध्ये शिल्डिंग, म्हणजे अतिजोखमीच्या लोकांनी घरातच थांबणं, संपलं. नवऱ्याला पत्र आलं, की आता घरातच थांबायची गरज नाही, पण जमल्यास घरूनच काम करा आणि काळजी घ्या. त्याच्या ऑफिसातून प्रेमळ ईमेल आलं, कधी येतोस? मग २ तारखेला गुड फ्रायडे, ५ तारखेला ईस्टर मंडे. चार दिवस सर्जरी बंद. त्या चार दिवसांत मी घरातली सगळी कपाटं आवरली. नवऱ्याची फाइलही आवरली. आणि ती आवरताना माझी ट्यूब पेटली.

मी माझ्या नावाने, माझ्या जन्मतारखेने, माझ्यासाठी लस मागत होते. पण हक्क माझ्या फाइलमध्ये नव्हताच! तो त्याच्या फाइलमध्ये होता. रोपण, औषधं, अतिजोखमीची नोंद, सगळं त्याच्या नावावर. सर्जरीवाल्यांना माझी फाइल उघडल्यावर काय दिसणार? २०१२ची पाठदुखी. आणि त्याच्याबद्दल ते माझ्याशी बोलू शकत नव्हते. फोन त्याने करायला हवा होता.

६ एप्रिलला त्याने सर्जरीचा ऑनलाइन फॉर्म भरला. फॉर्म आजारासाठीच असल्यामुळे 'तुमची लक्षणं काय' वगैरे विचारत बसतो. त्याने 'प्रशासकीय विनंती' हा पर्याय निवडला. मजकूर आम्ही दोघांनी मिळून लिहिला आणि मुद्दाम छोटा ठेवला. मी अमुक, रोपण २०१७, ही तीन औषधं चालू. २९ मार्चच्या जेसीव्हीआयच्या सल्ल्यानुसार माझ्या घरातली माझी पत्नी, जी तुमच्याकडेच नोंदलेली आहे, सहाव्या गटात येते. तिचं नाव, जन्मतारीख, एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा) नंबर. माझ्या आजाराची माहिती या कामापुरती तिच्या नोंदीत टाकायला माझी संमती आहे. सोबत किडनी क्लिनिकचं शेवटचं पत्र, ज्यात औषधांची यादी असते, आणि सरकारी निवेदनाची लिंक. संमतीचं ते एक वाक्य फार महत्त्वाचं आहे. ते नसलं की फॉर्म एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो.

'सहावा गट' हा शब्दही जसाच्या तसा वापरा. "माझ्या नवऱ्याला धोका आहे हो" हे कितीही खरं असलं, तरी रिसेप्शनवरच्या माणसाला त्याचं काय करायचं ते कळत नाही. "सहावा गट, घरातली व्यक्ती" म्हटलं की निदान कुठलं बटण दाबायचं ते तरी कळतं.

दुसऱ्याच दिवशी, ७ एप्रिलला, नवीनच बातमी. अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या लसीनंतर रक्ताच्या विचित्र गुठळ्या झाल्याच्या ७९ केसेस इथल्या औषध नियामकाकडे नोंदल्या गेल्या होत्या, त्यात १९ मृत्यू. दिलेले डोस दोन कोटींहून जास्त. तिशीच्या आतल्यांना शक्यतो दुसरी लस द्या असं ठरलं. मी ३९. म्हणजे मला अ‍ॅस्ट्राझेनेकाच मिळणार. इतके दिवस 'मला द्या, मला द्या' म्हणून दार ठोठावत होते, आणि दार उघडायच्या वेळी मीच उंबऱ्यावर घुटमळले. रात्री गणित मांडलं: दहा लाखांत साधारण चार. गणित पटलं, तरी झोप लागली नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

१३ एप्रिल, मंगळवार, गुढीपाडवा. मागच्या अंगणात कुंपणाला बांधून आम्ही छोटीशी गुढी उभारली होती. मी श्रीखंडासाठी दही टांगलेलं फडकं पिळत होते, हात पांढरे, आणि ओट्यावर ठेवलेला फोन थरथरला. सर्जरीचा मेसेज. 'तुम्ही लसीसाठी पात्र आहात, खालील लिंकवर वेळ घ्या.' मी कोपराने स्क्रीन सरकवायचा प्रयत्न केला, जमेना. शेवटी पोराने वेळ घेतली: शनिवार १७ एप्रिल, सकाळी ११.१०. फॉर्म भरल्यापासून बरोबर सात दिवस.

केंद्र होतं एका क्रीडासंकुलात. बॅडमिंटन कोर्टाच्या पांढऱ्या रेघांवर खुर्च्या मांडलेल्या. मी क्लिनिकच्या पत्राची प्रत, नवऱ्याचं आणि माझं दोघांचं नाव असलेलं काउन्सिल टॅक्सचं (घरपट्टीचं) बिल, एनएचएस नंबर, सगळं प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घेऊन गेले होते. कुणी काही विचारलंच नाही! बुकिंग होतं, एवढं पुरे. पण माझ्या ओळखीतल्या दोघांना पत्र मागितलं गेलं, तेव्हा घेऊन जा. टोचणाऱ्या नर्सने गुठळ्यांबद्दल स्वतःहून सांगितलं, चार दिवसांनंतरही जबरदस्त डोकेदुखी राहिली, धाप लागली किंवा अंगावर विचित्र काळेनिळे डाग उठले तर लगेच दाखवायचं. मग म्हणाली, "हात सैल सोडा." मी सोडला आहे असं मला वाटत होतं.

खर्च म्हणाल तर लस फुकट होती. पार्किंगला दोन पौंड गेले.

रात्री दहाला थंडी वाजून ताप आला. १०१. आता पंचाईत अशी, की लसीचा ताप आणि कोविडचा ताप कपाळाला हात लावून कसा ओळखायचा? मी पोराच्या खोलीतूनही उठून थेट वरच्या अडगळीच्या खोलीत गेले. पॅरासिटामॉल घेतली, सकाळी घरची टेस्ट केली, निगेटिव्ह. छत्तीस तासांत उतरला. पेशंटच्या घरच्या सगळ्यांनी एकाच दिवशी लस घेऊ नका, हा माझा आगाऊ सल्ला. निदान एक जण चहा करायला उभा राहील असं बघा.

पुतणीचं घोडं मात्र अडलं. तिची जीपीची नोंदणी विद्यापीठाच्या गावात. तिच्या जीपीला आमच्या घरात कोण राहतं, काय औषधं घेतं, याचा पत्ता असायचं कारणच नव्हतं. त्यांनी सांगितलं, काकांच्या जीपीचं पत्र आणा. काकांच्या जीपीने सांगितलं, आम्ही अशी पत्रं देत नाही. दोन्हीकडची माणसं सभ्य होती, दोघांचं म्हणणं आपापल्या परीने बरोबर होतं, आणि पोरगी मधल्या मध्ये. सुटलं ते दोन कागदांनी. एक, किडनी क्लिनिकच्या पत्राची प्रत, जी पेशंटकडे असतेच. दोन, नवऱ्याने साध्या कागदावर सही करून लिहिलेलं निवेदन, की ही माझी पुतणी गेल्या नोव्हेंबरपासून आठवड्यातले बहुतेक दिवस माझ्याच घरात राहते. 'बहुतेक दिवस एका घरात राहणे' ही मार्गदर्शक पुस्तिकेतली कसोटी आहे, तेच शब्द वापरले. वर तिच्या नावाने आमच्या पत्त्यावर आलेलं बँकेचं पत्र जोडलं.

तिला वेळ मिळाली २२ एप्रिलची, त्या गावातली. आगगाडीने गेली, दीड तास. केंद्रावर पोचली तर त्या दिवशी तिथे फक्त अ‍ॅस्ट्राझेनेका. पुतणी २३ची, म्हणजे ती लस तिला नको. परत पाठवली. स्टेशनवरून रडत फोन. "काकू, मी काय पाप केलंय?" परतीच्या तिकिटासह २६ पौंड पाण्यात. पुढच्या गुरुवारी, २९ ला, फायझर मिळाली. वयामुळे ठरावीकच लस चालणार असेल, तर निघण्याआधी केंद्राला फोन करून 'आज कुठली आहे' हे विचाराच. बुकिंगच्या मेसेजमध्ये ते लिहिलेलं नव्हतं.

त्याच दिवसांत भारतात काय चाललं होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. सासूबाईंना नाशिकला मार्चमध्येच कोविशिल्डचा पहिला डोस मिळाला होता, साठीच्या वरच्यांना १ मार्चपासून सुरू झालं होतं तेव्हा. आमच्या घरातली लस घेणारी दुसरी व्यक्ती त्याच. पण एप्रिलमध्ये रोज रात्री दिरांच्या फोनवरून ऑक्सिजन, बेड, रेमडेसिविर हेच शब्द यायचे. २३ एप्रिलला इंग्लंडने भारताला रेड लिस्टमध्ये टाकलं, येणं-जाणं बंद झालं. माझ्या दंडावरची सूजही तोवर पुरती ओसरली नव्हती, आणि माझ्या वयाच्या चुलतभावाला पुण्यात ४५च्या खाली म्हणून रांगेतच उभं राहता येत नव्हतं. त्याचे वडील डायलिसिसवर. त्यांना स्वतःला नियमाने लस मिळाली होती. पण त्यांना आठवड्यातून तीनदा गाडीत घालून नेणारा, घरातला एकमेव बाहेर पडणारा माणूस हा. त्याच्यासाठी भारतात गटच नव्हता. मी त्याला माझ्या लसीबद्दल कितीतरी दिवस सांगितलंच नाही.

आता एक हिशेब, जो मला मांडायलाच हवा. इंग्लंडमध्ये ३८-३९ वयाच्या लोकांना लस खुली झाली १३ मे ला. मला मिळाली १७ एप्रिलला. म्हणजे एवढी फोनाफोनी, कपाटं आवरणं, जागरणं, सगळं मिळून पदरात पडले २६ दिवस. पुतणीच्या बाबतीत महिना-दीड महिना. नवऱ्याने विचारलं, "सव्वीस दिवसांसाठी एवढं?" मी म्हटलं, तेव्हा आपल्याला सव्वीस आहेत हे कुठे माहीत होतं?

आणि खरा फायदा पुढे झाला. १४ मे ला सरकारने जाहीर केलं, की पहिल्या नऊ गटांचा दुसरा डोस १२ ऐवजी ८ आठवड्यांवर आणायचा, कारण विषाणूचा डेल्टा हा नवा प्रकार पसरत होता आणि एका डोसने त्याच्याविरुद्ध फारसं भागत नव्हतं. मी वयाने नाही, पण गटाने सहावी! सर्जरीने आपणहून मेसेज पाठवला नाही, मी फोन केला. या वेळी रिसेप्शनवर त्याच बाई होत्या. "सहावा गट, घरातली व्यक्ती," मी म्हटलं. टकटक ऐकू आली. "हो, दिसतंय तुमच्या नोंदीत." १२ जूनची वेळ मिळाली. पुतणीला २४ जून. नवऱ्याचा दुसरा डोस आधीच, ४ मे ला झाला होता. तेव्हा मी पुन्हा शिरा केला, पण दृष्ट काढायला सासूबाई फोनवर आल्या नाहीत. त्यांच्या बहिणीला त्याच दिवशी ॲडमिट केलं होतं. मावशी वाचल्या.

मे मध्येच जॉन्स हॉपकिन्सवाल्यांचा पुढचा आकडा आला. दोन डोसांनंतर रोपणवाल्या ६५८ लोकांपैकी ५४ टक्क्यांमध्ये अँटिबॉडी. अर्ध्यांहून थोडे जास्त. नवरा म्हणाला, "नाणेफेक." त्या रात्री भांडी मी घासली.

राहिला पोरगा. त्याला आम्ही सांगत होतो, लहान मुलांना लस नाही. १९ जुलैला जेसीव्हीआयने सांगितलं, की प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाबरोबर राहणाऱ्या १२ ते १५ वयाच्या मुलांनाही फायझर द्यावी. या वेळी आम्ही शहाणे होतो. नवऱ्याने त्याच दिवशी तोच फॉर्म उघडला, जुना मजकूर चिकटवला, नाव आणि जन्मतारीख बदलली. पत्र तेच, संमतीचं वाक्य तेच. तीन आठवडे काहीच नाही. मग आठवण करून देणारं दोन ओळींचं ईमेल, आणि चार दिवसांत उत्तर. २१ ऑगस्टला त्याला घेऊन गेलो. संमतीपत्रावर आई किंवा बाबाची सही लागायची, तेव्हा आजीबरोबर किंवा शेजाऱ्यांबरोबर पाठवून भागत नसे. सुई टोचताना त्याने डोळे मिटले नाहीत, मी मिटले. बाहेर येऊन त्याने विचारलं, "आता बाबा आपल्याबरोबर जेवेल?"

लगेच नाही, असं मला सांगावं लागलं. त्याने मान डोलावली. गेलं दीड वर्ष तो याच वाक्यावर मान डोलावतो आहे.

१ सप्टेंबरला प्रतिकारशक्ती फार खालावलेल्यांसाठी तिसऱ्या डोसची शिफारस आली. हा बूस्टर नव्हे; पहिल्या दोन डोसांत जे जमलं नाही ते पुरं करायचा प्रयत्न, म्हणून याला तिसरा प्राथमिक डोस म्हणायचं. हा फरक नीट धरून ठेवा, कारण केंद्रावर तो सगळ्यांना माहीत असेलच असं नाही. नवऱ्याला किडनी क्लिनिकचं पत्र आलं. ते घेऊन तो २८ सप्टेंबरला गेला, आणि तिथल्या संगणकात त्याची नोंद 'बूस्टर' म्हणून पडली. नोंद चुकली, तर पुढचा डोस कधी हेही चुकणार. दुरुस्तीसाठी अर्ज केला आहे, उत्तर अजून यायचं आहे. आलं की इथेच खाली लिहीन.

लसीचं ते छोटं पुठ्ठ्याचं कार्ड असतं ना, त्यावर दोनच ओळी आहेत. पहिला डोस, दुसरा डोस. तिसरा लिहायला जागाच नाही. तिथल्या स्वयंसेवक आजोबांनी क्षणभर कार्डाकडे पाहिलं, ते पालथं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला बॉलपेनने तारीख, बॅच नंबर आणि '३' असं लिहून दिलं. ते कार्ड आता फ्रीजवर चुंबकाने लावलेलं आहे. मागची बाजू पुढे करून.

खिडकीपाशी घडीचं टेबल अजून मांडलेलंच आहे. गेल्या रविवारी मात्र आम्ही ते उचलून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आणलं. आता आमटी हातानेच देता येते.